आईचा दवणा

आमच्या आईला दवण्याचे भारी वेड. चैत्र लागला की मंडईतून दवण्याची जुडी घरी आलीच पाहिजे, आणि ती देवाला वाहून झाली की तिच्यातल्या दोन काड्या आईच्या उशाखाली गेल्याच पाहिजेत, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. गेल्या चैत्रात जुडी मिळाली, पण फार हिंडावे लागले. तेव्हा आई म्हणाली, "वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवतोस, पण दारात चार काड्या दवणा काही तुला लावता आला नाही." या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मला अजून उलगडलेला नाही, परंतु आईच्या बोलण्याला व्याकरण लावू नये, एवढे मी वीस वर्षांत शिकलो आहे.

मी काहीच करीत नाही असे पाहून तिने स्वतःच पदर खोचला. सुकलेल्या जुडीचे तुरे तळहातावर चोळले आणि तो भुसा वाफ्यात पसरून दिला. आमचा वाफा म्हणजे घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद जागा. तिच्यात एक पारिजातक, दोन जास्वंदी, तुळस आणि एक कढीलिंब एवढी मंडळी नांदतात. भिंतीपलीकडे एक मोकळा प्लॉट आहे. त्याचा मालक कोठे असतो हे आळीत कोणाला ठाऊक नाही. मे महिन्यात आम्ही दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून ट्रॅक्टरभर माती आणि शेणखत आणले. ती नवी माती वाफ्यात पसरली आणि आम्ही सारे मृगाची वाट पाहू लागलो.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, बाग करणे हे मुख्यतः पाण्याचे गणित असते. आमच्याकडे नळ रोज येत नाही. त्यामुळे तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, फिल्टरमधून वाया जाणारे पाणी, सारे एका बादलीत साठते, आणि त्या बादलीवर आईची सत्ता चालते. कोणत्या झाडाला किती तांबे, हे ती ठरवते.

जूनमध्ये पहिल्या दोन सरी पडल्या आणि आठ दिवसांनी वाफ्यात हिरवे ठिपके दिसू लागले. पुढच्या पंधरवड्यात त्या ठिपक्यांची नाजूक, कातरलेल्या पानांची रोपे झाली. पाने जमिनीला चिकटून, चक्राकार पसरलेली. जणू कोणी वाफ्यात हिरव्या लोकरीचे रुमाल विणून ठेवले आहेत. आईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "बघ, आला की नाही माझा दवणा!" ती म्हणाली आणि त्या दिवसापासून जास्वंदीचा एक तांबा कमी होऊन तो दवण्याकडे वळला.

तज्ज्ञांची बैठक

दवण्याला वास नव्हता. ही गोष्ट प्रथम माझ्या सौभाग्यवतींच्या लक्षात आली. तिने पान चोळून पाहिले, नाक मुरडले आणि मला हळूच म्हणाली, "हा दवणा नव्हे हो." पण हे आईला सांगायचे कोणी? शेवटी मी धीर करून सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "कोवळा आहे अजून. वास मागाहून भरतो." तिने स्वतः वास घेऊन पाहावा असे म्हणावे, तर तिचे नाक गेला महिनाभर सर्दीने चोंदलेले होते.

मग शेजारीपाजारी जमले. शेजारच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती रानशेवंती असल्याचा निकाल दिला. समोरच्या वहिनींच्या मते ते गाजर होते. मातीतून बी आले असावे, थंडीपर्यंत थांबा, हलवा करू. दूधवाल्याने ओवा सांगितला. आमच्या धाकटीने फोनवर फोटो काढला. फोनने एक सोडून तीन नावे सांगितली, आणि त्यांतले पहिले शेवंतीचे होते, त्यामुळे काकांची मान दोन दिवस ताठ राहिली.

मी भाषेचा माणूस. झाडापेक्षा झाडाच्या नावात मला गती अधिक. म्हणून मी या वादात एवढीच भर घातली की, मराठीत वनस्पतींच्या नावांवर फार विसंबून चालत नाही. 'ब्राह्मी' म्हटले की कोणी पाणथळीतले छोटे मांसल पान आणून देतो, तर कोणी वाटोळ्या पानांची कारिवणा. दोन्ही झाडे अगदी निराळ्या कुळांतली. 'शंखपुष्पी'चा मान सांगणारी तर तीन-चार झाडे आहेत. आणि 'रान' हा शब्द आपण ज्याला ओळखत नाही अशा कोणत्याही झाडाच्या मागे लावून मोकळे होतो: रानतुळस, रानशेवंती, रानओवा. 'रान' म्हणजे 'ठाऊक नाही' असे समजावे! माझ्या या व्याख्यानावर सर्वांनी माना डोलावल्या आणि चहा घेऊन घरोघर गेले. रोप काय आहे हे कोणालाच कळले नाही.

आईची खाज

आषाढात एक नवीनच दुखणे उपटले. आईच्या पापण्या सुजू लागल्या. गळ्याच्या वळ्यांत आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठले आणि रात्री खाजेने तिला झोप लागेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रथम साबण बदलायला सांगितला. मग डोक्याचे तेल बंद केले. मग कुंकू. सत्तरी ओलांडलेल्या बाईचे कुंकू बंद करणे ही काय गोष्ट आहे हे ज्याच्या घरी असे झाले असेल त्यालाच कळेल. आई काही बोलली नाही. पण आरशासमोर उभी राहायची ती थांबली. मलम लावले की चार दिवस बरे वाटे आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सर्दी तर जुनीच होती. आता रात्री छातीतही घरघर होऊ लागली.

या सगळ्या दिवसांत तिचा एक नेम मात्र चुकला नाही. सकाळी उठून वाफ्यापाशी बसायचे, दवण्याच्या मधले दुसरे तण हाताने वेचायचे आणि प्रत्येक रोपाला तांब्याने पाणी घालायचे. आम्हालाही वाटे, दुखण्यातला तिचा तेवढाच विरंगुळा आहे.

श्रावणाच्या तोंडावर माझे एक सहकारी घरी आले. ते वनस्पतिशास्त्र शिकवतात. आले होते परीक्षेच्या कामासाठी. पण फाटकातून आत येताना त्यांची पावले वाफ्यापाशी थबकली. त्यांनी वाकून पाहिले, हात मात्र लावला नाही. मला विचारले, "ही माती बाहेरून आणलीत का?" मी म्हणालो, हो. "मृगानंतर उगवले?" हो. "गाईने तोंड घातले तरी खाल्ले नाही?" आता मी चकित झालो, कारण महिन्यापूर्वी फाटक उघडे राहून एक गाय आत आली होती आणि तिने तुळस सोडली नव्हती, पण या रोपांना हुंगून सोडले होते. आई तेव्हा म्हणालीही होती, "देवाचा दवणा आहे, तिलासुद्धा कळतं."

सहकाऱ्यांनी आमच्या धाकटीला बरोबर घेतले आणि भिंतीपलीकडच्या प्लॉटकडे बोट केले. तेथे कमरेइतके उंच, पांढऱ्या बारीक फुलांचे रान माजले होते. ते आम्ही रोज पाहतो. त्याचे नाव आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "ते काय आहे?" त्यांनी विचारले. "गाजरगवत!" धाकटी म्हणाली. "आणि त्याच्या पायाशी?" तिने टाचा उंचावून पाहिले. फुलांनी भरलेल्या झाडाच्या पायाशी नुकता दांडा फुटलेले एक रोप होते. त्याच्या शेजारी, जमिनीला चिकटून, कातरलेल्या पानांचा एक हिरवा रुमाल पसरला होता. आजी, आई आणि नात जणू एका ओळीत उभ्या. धाकटीने एकदा तो रुमाल पाहिला, एकदा आमच्या वाफ्याकडे पाहिले आणि ती काही न बोलता घरात निघून गेली.

मलाच आईला सांगावे लागले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तांदळाचं पाणी घातलं रे मी त्याला."

ओळख कशी पटते

यात फसलो कसे, हे वाचकांना सांगितले पाहिजे, कारण आमच्या जागी तुम्हीही फसला असता. गाजरगवत आपण सारे ओळखतो. पण ओळखतो ते फुलावर आलेले, रस्त्याच्या कडेचे. त्याचे बालपण निराळे दिसते. उगवल्यानंतर काही आठवडे त्याला उभा दांडा नसतोच. सारी पाने जमिनीवर गोलाकार पसरतात. नंतर मधून दांडा निघतो, त्यावर उभ्या रेघा असतात, वरच्या बाजूला पुष्कळ फांद्या फुटतात आणि मग ती सुप्रसिद्ध पांढरी फुले येतात. जवळून पाहिले तर प्रत्येक फूल म्हणजे अनेक फुलांचा झुबका असतो आणि त्याच्या कडेला पाच इवलीशी टोके दिसतात. पुरते वाढलेले झाड मीटर-दीड मीटर उंच होते.

दवणा, शेवंती आणि गाजरगवत यांची पाने सारखी दिसावीत यात नवल नाही; तिन्ही एकाच, सूर्यफुलाच्या कुळातली. पण दवण्याच्या पानावर राखट रुपेरी झाक असते आणि पान चोळताच हाताला घमघमाट येतो. तो मागाहून भरत नाही. शेवंतीचे पान जाड असते, एवढे बारीक कातरलेले नसते. खऱ्या गाजराचे पान चुरडले तर गाजराचाच वास येतो. आणि ओव्याची तर चव घेण्याचीही गरज पडत नाही. माझे सहकारी म्हणाले, अनोळखी रोप दिसले की चार गोष्टी पाहाव्यात: पाने कोठून आणि कशी फुटतात, चोळल्यावर वास कसा येतो, दांडा कसा आहे, आणि ते आले कोठून. फोटो काढायचा तर पानाचा, खोडाचा आणि फुलाचा निरनिराळा काढावा. नुसत्या पानांवरून फोनलाच काय, तज्ज्ञालाही चूक होऊ शकते. मात्र वास घ्यायचा तो हाताला पिशवी बांधून, आणि शंका असेल तर घ्यायचाच नाही. चव तर कधीच नाही.

आमच्याकडच्या झाडांची नीट ओळख पुस्तकात यायलाही फार वेळ लागला, हे त्यांच्याकडूनच कळले. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांची सोय झाली. पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इलाख्याची हद्द संपली तेथे ग्रंथाचीही हद्द संपली. १९४८ साली हा प्रदेश मुक्त झाला, १९५८ साली येथे विद्यापीठ निघाले, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९९८ साली, प्रा. व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्यातील वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. माणसांच्या राज्यांच्या सीमा झाडांना ठाऊक नसतात. पण झाडांच्या पुस्तकांना त्या पाळाव्या लागतात, ही गंमत मला नवी होती.

गाजर नव्हे, गवतही नव्हे

नाव हा माझा प्रांत, म्हणून या नावाकडे वळतो. गाजरगवत हे गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. पान गाजरासारखे आणि पसरणे गवतासारखे, एवढ्यावरून हे जोडनाव पडले. आपल्या जुन्या भाषेत या झाडाला नाव नाही, कारण ते आपल्याकडे नव्हतेच. त्याचे माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. शास्त्रीय नाव 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस'. ते १७५३ साली लिनियसने दिले. ग्रीक भाषेत 'पार्थेनॉस' म्हणजे कुमारिका आणि 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. कुमारी आणि गर्भधारिणी अशी दोन्ही बिरुदे एकाच नावात! एका झाडाला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बिया येतात, हे पाहता दुसरे बिरुद अधिक खरे म्हणावे लागेल.

भारतात या झाडाची कीर्ती झाली ती पुण्यापासून. तेथील उकिरड्यांवर त्याची तुरळक रोपे १९५१ साली दिसली होती असे सांगतात, आर. एस. राव यांनी त्याची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली ती १९५६ साली. पुढे हे झाड अमेरिकेच्या 'पी.एल. ४८०' योजनेच्या गव्हाबरोबर आले, असे घरोघर म्हटले जाऊ लागले. पण सनावळी नीट मांडली तर ही गोष्ट पुरती जुळत नाही. तो कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला आणि भारताशी त्याचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यातली रोपे त्याच्या आधीची. अमेरिकेचा गहू त्याही पूर्वी, १९५१ च्या टंचाईत, आपल्याकडे आला होता. बी त्यातून आले असेल. आणि हे झाड भारतात त्याच्याही कितीतरी आधी येऊन गेले होते, असे दाखवणाऱ्या जुन्या नोंदीही काही अभ्यासकांनी पुढे आणल्या आहेत. असे तण एकाच दाराने येते असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात ते १९६० च्या सुमारास अमेरिकेतून मागवलेल्या चाऱ्याच्या बियाण्यात मिसळून आले आणि तेथल्या कुरणांना डोकेदुखी होऊन बसले. आमच्याकडे ते ट्रॅक्टरच्या मातीतून आले किंवा भिंतीवरून आले. तेही आम्हाला सांगता येत नाही.

लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' हेही नाव दिले. पांढऱ्या फुलांवरून पांढरी टोपी आठवली म्हणून, अशी एक उपपत्ती आहे. 'पांढरी टोपी' असे नावही काही भागांत ऐकू येते. कोठे त्याला 'चटकचांदणी' म्हणतात. हे नाव मला फार आवडते. दिसायला चांदणी आणि लागली की चटका! ज्या कोणा अनामिक शेतकरणीने ते पाडले तिला झाडाची पुरती ओळख पटली होती.

तो चटका कशाचा, हेही आता ठाऊक झाले आहे. या झाडात 'पार्थेनिन' नावाचे द्रव्य असते. काही माणसांच्या कातडीला त्याचे वावडे असते. पहिल्या स्पर्शाला काही होत नाही. पुनःपुन्हा संबंध आला की शरीर त्याला वैरी मानू लागते. मग वाऱ्यावर उडालेला सुकलेल्या झाडाचा कणही पुरतो, म्हणून पुरळ पापण्यांवर, गळ्यावर, कोपराच्या घडीत उठते. परागांमुळे सर्दी आणि दमा होतो तो निराळाच. पुण्याच्या परिसरात अशा रोग्यांची संख्या वाढली, तेव्हा डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्यावर वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले. आईला आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या चकत्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. गाजरगवताच्या चकतीखाली लालभडक डाग उमटला होता. साबण सुटला, तेल सुटले, कुंकूही निर्दोष ठरले. आईने घरी येताच पहिल्यांदा कुंकू लावले. जे नाक दवण्याचा वास घेऊ शकले असते, ते प्लॉटवरच्या त्याच्याच भाऊबंदांनी चोंदवून ठेवले होते, हेही तेव्हा उमगले.

उपटावे कसे

खरे संकट पुढेच होते. "जिवंत रोप उपटायचं?" असे आईने एकदा विचारले, पण लगेच स्वतःच म्हणाली, "उपटा. पण मला सांगा, नीट कसं उपटायचं ते."

नीट म्हणजे असे. पाऊस पडून माती ओली असताना, हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मुळासकट उपटायचे. वरून छाटले तर ते बुडखातून पुन्हा फुटते. आणि हे सारे फुले येण्याच्या आत. उगवल्यापासून महिन्याभरातही ते फुलावर येऊ शकते, म्हणून आळस करून चालत नाही. फुले नसलेली रोपे खताच्या खड्ड्यात घातली तरी चालतात. फुलावर आलेली मुळीच घालू नयेत, नाहीतर आपणच पुढच्या वर्षीचे बी पेरून ठेवतो. ज्याला दमा किंवा खाज आहे त्याने या कामाला हात लावू नये. काकांनी मिठाचे पाणी फवारण्याचा तोडगा सुचवला. त्याने गाजरगवत मरते हे खरे, आणि पडीक जागेसाठी तो उपाय सांगतातही. पण वाफ्यात तो केला असता तर पारिजातकानेही राम म्हटला असता.

मग उरला प्लॉट. एका बाजूने आम्ही उपटत बसायचे आणि दुसऱ्या बाजूने वाऱ्याने, पाण्याने, बुटांच्या तळव्यांनी बी येतच राहायचे, याला अर्थ नव्हता. या झाडाला आपल्याकडे जवळजवळ कोणीच खात नाही, आणि ते आपल्या अंगातून अशी द्रव्ये मातीत सोडते की शेजारच्या बियांची उगवण खुंटते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवताविषयी लोकजागृतीसाठी पाळते. तोच मुहूर्त साधून आमच्या आळीतली बारा घरे एका रविवारी सकाळी प्लॉटवर उतरली. एरवी पाण्याच्या टाकीवरून ज्यांची बोलाचाली बंद असते तेही शेजारी शेजारी वाकून उपटत होते.

त्या दिवशी धाकटीला काही झाडांची पाने चाळण झालेली दिसली. पानांवर पिवळट रंगाचे, गर्द रेघांचे लहान भुंगे बसले होते. माझे सहकारी आनंदाने ओरडलेच. हा मेक्सिकन भुंगा. गाजरगवताच्या माहेराहून शास्त्रज्ञांनी त्याला मुद्दाम बोलावून आणले आणि १९८४ साली बंगळुरात सोडले. तो सूर्यफूल खाईल अशी भीती पुढे निघाली होती, पण तपास करून ती दूर झाली. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताचा फडशा पाडतात. पाऊस सरला की तो मातीत शिरून पुढच्या पावसापर्यंत झोपतो. एकट्याने तो हे रान संपवू शकत नाही, पण मदतीला आलेल्याला हाकलू नये. भुंग्यांची झाडे तेवढी आम्ही राखली.

मोकळी जागा मोकळी ठेवली तर तेच पुन्हा उगवते. म्हणून त्या जागी दुसरे काही लवकर वाढवावे लागते. तरोटा, ज्याला पुणेकर टाकळा म्हणतात, तो त्याला चांगलाच दाबतो, आणि झेंडूही. तरोट्याचे बी पुढच्या मृगासाठी जमवायचे ठरले, आणि भिंतीलगतच्या पट्ट्यात आम्ही झेंडूची रोपे लावली.

एकाच माहेरचे दोन पाहुणे

आता लिहितो आहे तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर आली आहे आणि भिंतीपलीकडचा पट्टा केशरी झाला आहे. परवा मी सहकाऱ्यांना सहज विचारले की, झेंडू तरी आपला अस्सल देशी ना? ते हसले. झेंडूही मेक्सिकोचा! गाजरगवताचाच गाववाला आणि त्याच्याच कुळातला. ज्याच्या तोरणावाचून आपला दसरा होत नाही आणि दिवाळी सजत नाही, तो समुद्रापलीकडून आलेला. दौलताबादच्या डोंगरातले सीताफळ, आपल्या ठेच्यातली मिरची, उपासाचा बटाटा, सारे तिकडचेच. 'बटाटा', 'पपई', 'अननस' हे शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि मराठी करून टाकले. तेव्हा परका म्हणून कोणा झाडाचा राग करण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, आलेला शेजाऱ्याला जगू देतो की नाही. आणि हे आपण त्याला तांब्याने पाणी घालण्यापूर्वी पाहतो की नंतर.

दरवर्षी दिवाळीचे तोरण आई ओवते. यंदा डॉक्टरांनी तिला बजावले आहे की, शेवंती, झेंडू ही याच गोतातली फुले. काही दिवस तीही हाताळू नका. तिला हे फार लागले. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हाताविना तोरण होणार. पण पापण्यांची सूज उतरली आहे, छातीची घरघर थांबली आहे आणि रात्रीची झोप लागते आहे. ती झोपाळ्यावर बसून धाकटीला सांगते, "दोन फुलं, मग एक आंब्याचं पान. अगं, देठातून नको, मधोमध ओव." धाकटीचे तोरण वाकडे होते आहे, आणि आई ते पुन्हा उसवायला लावते आहे.

दवण्याचा हंगामही चैत्रातला नव्हे, हे आम्हाला आता कळले आहे. चैत्रात दवणा हवा तर बी दिवाळीच्या सुमारास पेरायचे असते. माझ्या सहकाऱ्यांनी खात्रीचे बी एका पुडीत आणून दिले आहे. आईने त्याचीही व्यवस्था लावून टाकली. बी धाकटीने पेरायचे, रोपांना हात तिनेच लावायचा, आईने फक्त लांबून पाणी घालायचे. "आणि कोंब आले की पान चोळून आधी वास सांग मला," ती धाकटीला म्हणाली. "वास आला तरच तांब्या उचलीन."